दगडामागचं पाणी

आधी नुसतं ऐका.

डोळे मिटलेले असले तरी चालेल. मिटलेलेच बरे.

पाण्याचा आवाज येतो आहे. सुरुवातीला तो एकच वाटतो, सलग, कान भरून टाकणारा. थोडा वेळ त्याच्यापाशी बसा. हळूहळू तो सुटा होऊ लागतो.

डाव्या हाताला खळखळ आहे. तिथे पाणी उथळ आहे आणि गोट्यांवरून पळतं आहे. समोर एक जाड, घुमणारा आवाज आहे, मोठ्या धोंड्यावर पाणी येऊन आदळतं तिथला. आणि अगदी पायाशी, काठाच्या कपारीत, डुबुक. मग काही नाही. मग पुन्हा डुबुक.

कुठला आवाज कुठून येतो ते शोधत बसायचं नाही. येऊ द्या.

श्वास घ्या. हवा गार आहे. तिला ओल्या दगडाचा वास आहे, देवदाराचा आहे, आणि वर कुठेतरी कुणाची चूल पेटली आहे तिच्या धुराचाही आहे.

सोडा.

पुन्हा एकदा. घ्या. सोडा.

आता डोळे उघडा.

ही तीर्थन नदी. हिमाचलात, कुल्लू जिल्ह्यात, बंजारच्या पुढे, गुशैणी गावाच्या जरा वर. औटला मनालीचा मोठा रस्ता सुटतो, गाडी आत वळते, आणि मग नदी सोबतीला येते ती सोडत नाही. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या उंच बर्फातून ती उतरते. त्या रानाचं नाव २०१४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. खाली लारजीला ती बियासला मिळते.

तिथवर जायचं नाही आपल्याला. वरही जायचं नाही. इथलं हे एवढंच पाणी.

मार्च आहे. आपल्याकडे पळस फुलून गळायला लागला असेल, विहिरी तळ दाखवायच्या बेतात असतील. इथे उलटं आहे. इथल्या वसंतात नदीला पाणी चढतं. वरचं बर्फ सुटू लागलं आहे, थेंबाथेंबाने. अजून महिना-दोन महिन्यांनी ती फुगेल, दगड दिसेनासे होतील. आत्ता मात्र ती नितळ आहे. तळाचा गोटा न गोटा दिसतो आहे.

पलीकडच्या उतारावर बुरांश लालभडक झाला आहे. या काठावर, घरांच्या मागे, जर्दाळू फुलली आहे. वारा आला की तिच्या पाकळ्या पाण्यावर येतात.

एक पाकळी धरा. हाताने नाही, नजरेने.

ती वरून येते आहे. भरभर येते आहे. धोंड्यापाशी पोचते, क्षणभर अडखळते, डावीकडे वळते. आता ती जोरात पुढे जाणार असं वाटतं. पण जात नाही. धोंड्याच्या मागे ओढली जाते, स्वतःभोवती फिरते, थांबते. मग अगदी सावकाश कडेला सरकते, आणि पुन्हा धार तिला उचलून नेते.

गेली.

दुसरी येईल. घाई नाही. तिच्याही मागे जा.

आणखी एक.

तुमच्या शेजारी एक माणूस बसला आहे. इथलाच आहे, तुमचा गाईड. नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत इथे ट्राउट धरायला बंदी असते, कारण त्या दिवसांत मासा अंडी घालतो. मार्च लागला की नदी उघडते. मत्स्य खात्याचा परवाना त्याच्या खिशात घडी करून ठेवलेला आहे. काठी मात्र त्याने अजून पिशवीतून काढलेली नाही.

आल्या आल्या तो एकच शब्द बोलला. ‘बैठिए.’

तेव्हापासून तुम्ही दोघं बसून आहात.

चांगला गाईड ओळखायचा असेल तर मी यावरून ओळखते. जो आल्याबरोबर काठी हातात देतो, त्याला तुमच्या पैशांची काळजी आहे. जो बसवतो, त्याला नदी माहीत आहे.

तोही पाकळ्यांकडेच बघतो आहे. त्यांच्या वाटेनेच माशाचं खाणं जातं. पाकळी जिथे रेंगाळते, तिथे बाकीचंही रेंगाळतं.

आता नजर धोंड्यावर आणा.

त्याच्या पुढ्यात पाणी फुगलं आहे, गुळगुळीत. दोन्ही बाजूंनी ते वळसा घालून निघतं, वेगाने, वरचा भाग चकचकीत. आणि मागे, धोंड्याच्या आडोशाला, पाणी जवळजवळ उभं आहे. वेगाचं पाणी आणि हे उभं पाणी जिथे एकमेकांना लागतं, तिथे एक सांधा आहे. बारीक सुरकुत्यांची रेघ.

ती रेघ बघा. ती हलते आहे, तरी तिथेच आहे.

तिच्यावरच राहा.

मन जाईल. उद्याच्या गाडीकडे जाईल, घरच्या फोनकडे जाईल. गेलं तर जाऊ द्या. परत येताना या रेघेवर या.

श्वास घ्या. सोडा.

‘वो देखिए,’ शेजारचा माणूस म्हणतो. बोट दाखवत नाही. हनुवटी किंचित पुढे करतो, इतकंच.

तुम्हाला काही दिसत नाही.

तिथे तळ आहे. तपकिरी, पिवळसर, राखाडी गोटे. त्यांच्यावर उन्हाची जाळी हलते आहे. बघत राहा. मासा शोधू नका; मासा असा शोधून सापडत नाही, त्याची पाठ तळाच्याच रंगाची आहे. सावली शोधा. तळावर एक लांबट सावली आहे, आणि ती उन्हाच्या जाळीबरोबर हलत नाही.

दिसली?

आता तिच्या थोडं वर बघा.

आहे.

तो आहे तिथेच आहे. तोंड वरच्या बाजूला, जिकडून पाणी येतं तिकडे. सगळी नदी त्याच्याकडे येते आहे, त्याच्या अंगावरून जाते आहे, आणि तो हातभरही मागे सरत नाही. शेपूट किंचित डावीकडे. किंचित उजवीकडे. बस.

हे बघत राहण्यासाठी आपण इथे आलो आहोत. पकडणं पुढचं. ते झालं तर झालं.

बघा, तो काही जोर लावताना दिसत नाही. जागाच अशी निवडली आहे त्याने. इकडे दगडाचा आडोसा, तिकडे लागूनच वेगाची धार. आडोशाला राहायचं, आणि धारेतून काही आलं की एवढंसं सरकून घ्यायचं.

सरकला. तोंड उघडलं, आतला पांढरा भाग क्षणभर लकाकला. मिटलं. पुन्हा जागेवर.

काय खाल्लं ते दिसलं नाही. दिसायला नकोच आहे.

त्याचा श्वास बघा. गालाची झापड उघडते, मिटते. तोंडातून पाणी आत, कल्ल्यांवरून बाहेर. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, म्हणून त्याला गारच पाणी लागतं. तुम्ही हात बुडवलात तर बोटं दुखून येतील. त्याला तेच सुखाचं आहे.

त्याची झापड उघडते तेव्हा तुम्ही श्वास घ्यायचा प्रयत्न कराल. जमणार नाही, तो फार भरभर घेतो. सोडून द्या. तुमचा तुम्ही घ्या, त्याचा तो घेईल.

घ्या.

सोडा.

तुम्ही उठून नीट बघायला जाता. खांद्यावर हात येतो. ‘नीचे, नीचे.’

पुन्हा बसा. वाकूनच राहा.

पाण्याखालून वर बघणाऱ्याला आभाळ कसं दिसतं, ते मनात आणा. चहूकडे नाही दिसत. डोक्यावर एक गोल खिडकी असते, तेवढ्यातूनच वरचं जग दिसतं. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात नदीचा तळच उलटा दिसतो. मासा एक फूट खोल असेल, तर त्याची ही खिडकी जेमतेम सव्वादोन फूट रुंद. तो वर सरकला की ती लहान होते. खाली गेला की मोठी.

त्या खिडकीत सगळं येतं. डोंगर, देवदार, फुललेली जर्दाळू, ढग. कडेला कडेला दाबून, चेपून बसवलेलं. आणि तुम्ही उभे राहिलात की तुम्हीही.

म्हणून खाली. जो जमिनीलगत आहे तो त्या खिडकीच्या अगदी काठावर पुसट होतो.

जरा वेळ माशाच्या जागी राहून बघा. डोक्यावर एवढंसं गोल आभाळ. बाकी सगळीकडे दगड, खालीही आणि वरही. पाणी सतत चेहऱ्यावर. आणि त्या गोल उजेडात, वरच्या कडेने, काहीतरी आत येतं. लहान. काळपट. तरंगत.

घ्यायचं, की जाऊ द्यायचं?

जाऊ द्या. आत्ता नको.

शेजारच्या माणसाने बूट काढले आहेत. तो काठाच्या पाण्यात दोन पावलं उतरतो, एक गोटा उचलतो आणि उलटा करून तुमच्यासमोर धरतो.

वाका. जवळून बघा.

ओला दगड, शेवाळाने बुळबुळीत. पहिल्यांदा काहीच नाही. मग दगडाचाच एक कण चालायला लागतो.

तो किडा आहे. चपटा, दगडाला छाती लावून बसलेला, मागे तीन बारीक शेपट्या. पोटाच्या दोन्ही कडांना नाजूक पापुद्रे आहेत आणि ते थरथरत आहेत. तेच त्याचे कल्ले. पाणी निथळतं आहे, त्याला ते समजलं आहे, तो दगडाच्या ओल्या बाजूला सरकतो आहे.

मेफ्लाय म्हणतात याला. यातले कित्येक जण वर्षभर असे दगडाखाली राहतात. मग वसंतातल्या एखाद्या दुपारी, पाणी पुरेसं कोमट झालं की, वर येतात. पाण्याच्या पाठीवर कातडी फाटते, आतून पंख निघतात. पंख वाळेपर्यंत तसंच तरंगत जावं लागतं. त्या थोड्या वेळात वाहत्या पाण्यावर उभं राहण्यावाचून काहीच करता येत नाही.

पंख आल्यावर ते एकदा आणखी कात टाकतात. किड्यांच्या सगळ्या राज्यात पंख फुटल्यावर कात टाकणारे हेच. मग त्यांना तोंड चालवता येत नाही. खाणं संपलेलं असतं. उरलेल्या थोडक्या वेळात जोडीदार शोधायचा आणि पाण्यात अंडी सोडायची.

त्याच दगडावर, जरा बाजूला, वाळूच्या कणांची एक नळी चिकटलेली आहे. तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब. तिच्यातही कुणी आहे. तोंडातून रेशीम काढून त्याने एकेक कण जोडला आहे. कण बघा: एक पांढरा, दोन काळे, एक अभ्रकासारखा चमकणारा.

पुरे. त्याचा श्वास कोंडेल. दगड परत ठेवायचा, होता तसाच, तीच बाजू खाली.

तो हलकेच ठेवतो. बोटाने थोडी रेती परत कडेला सारतो.

आणि सांगतो, त्या तिकडे, जिथे खडी स्वच्छ आणि फिकट दिसते, तिथे पाय ठेवायचा नाही. हिवाळ्याच्या तोंडावर मादीने शेपटीने तिथली रेव उकरली होती, अंडी घालून पुन्हा झाकली होती. पिल्लं त्या खडीच्या फटींत असतील, पोटाला अजून पिवळ्या बलकाची पिशवी.

त्या फिकट खडीकडे बघा. वरून काहीच दिसत नाही. बघा तरी.

धोंड्यावर एक पक्षी येऊन बसला आहे. गडद तपकिरी, गोल, आखूड शेपटीचा. बसल्या बसल्या उठाबशा काढतो आहे. डिपर आहे तो. एक उठाबस, दुसरी, आणि सरळ पाण्यात चालत जातो. बुडून नाही, चालत. तळावर पाय रोवून, पंख अर्धवट उघडून, प्रवाहात. वर आला तेव्हा चोचीत काहीतरी वळवळतं आहे. बहुधा आपण आत्ता पाहिला त्याचाच भाऊबंद.

मासा जागेवरच आहे.

हा मासा मूळचा इथला नाही. एक खेप वाटेतच मेल्यावर दुसऱ्या खेपेची अंडी १९०० साली स्कॉटलंडहून काश्मीरला पोचली, आणि तिथून १९०९ मध्ये त्याचं बी कुल्लूच्या पाण्यात आलं. साहेबाला सुट्टीत गरवायला आपल्याकडचा मासा हवा होता. इथला मूळचा एक मासा स्नो ट्राउट नावाने ओळखला जातो, पण तो नावापुरता. कूळ त्याचं रोहूचं. आलेला पाहुणा आता शंभराहून जास्त वर्षं इथल्या दगडाआड राहतो आहे. त्याने मूळच्यांना किती मागे ढकललं हा प्रश्न खरा आहे. आज तो इथेच, काठावर ठेवू या.

श्वास घ्या.

ऊन आता पाण्यावर आलं आहे. पाठीवर ऊब जाणवते. तेवढी घ्या.

गाईड काठी जोडतो. चार तुकडे, एकात एक. कड्यांतून दोर ओवतो. मग छातीवरच्या खिशातून एक डबी काढतो, आणि त्यातून माशी.

तळहातावर ठेवली आहे. बघा.

सोळा नंबरचा गळ. नंबर जितका मोठा तितका गळ लहान. त्याच्या दांड्यावर सशाच्या करड्या लोकरीचं अंग पिळून बांधलं आहे. गळ्याशी कोंबड्याच्या मानेचं एक पीस गोल गुंडाळलं आहे, त्याचे केस चहूकडे ताठ. याच केसांवर ती पाण्यावर उभी राहते. मागे शेपटीचे चार-पाच तंतू. वजन म्हणून काही नाहीच. फुंकर मारलीत तर उडेल.

आणि आत गळ आहे. हे विसरून चालणार नाही. गाईडने पकडीने त्याचा काटा चेपून टाकला आहे, म्हणजे सोडवताना मासा फाटू नये. तरी टोक आहे. या खेळाला माशाला कुणी विचारलेलं नाही.

ते टोक बघा. त्याच्यापाशी थोडं थांबा.

काठी हातात घ्यावीशी वाटली नाही तर घेऊ नका. बसून राहा. शेजारच्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही, दिवसाचे पैसे ठरलेले आहेत.

घ्यायची असेल तर घ्या. हलकी आहे. मूठ आवळू नका.

माशीला वजन नाही, म्हणून ती फेकता येत नाही. फेकायचा असतो दोर. वजन दोरात आहे. दोर जाईल तिकडे माशी जाते. काठी वर, खांद्याच्या थोडी मागे. दोर पाण्यावरून उठतो, तुमच्या डोक्यावरून मागे जातो.

‘रुकिए.’

इथे थांबायचं असतं. दोर अजून मागे उलगडतो आहे. तुम्हाला तो दिसत नाही, पाठीमागे आहे. झोका मागे टोकाला जाऊन क्षणभर थांबतो ना, तेवढं. आधी हलवलात तर दोर कोसळतो. उशीर केलात तर झाडात जातो.

दिसत नाही, पण कळतं. काठीला किंचित ओढ लागते.

आता पुढे.

दोर पुढे उलगडतो. शेवटी टोकाचा बारीक धागा. सगळ्यात शेवटी माशी. ती पाण्यावर बसते.

बहुतेक वेळा ती नको तिथे बसते. हरकत नाही. उचला. मागे. थांबा. पुढे.

मागे.

थांबा.

पुढे.

गळाचं विसरा. मागे गेल्यावरचं ते थांबणं तेवढं धरा. त्या थांबण्यात श्वास आत येतो. पुढे जाताना बाहेर पडतो. दोन-चार वेळा असं झालं की हात तुम्हाला विचारणार नाही.

आता माशी धोंड्याच्या वर, सांध्याच्या रेघेवर उतरली आहे. ती खाली येते आहे.

तिच्याबरोबर या.

ती पाकळीसारखीच चालली पाहिजे. पाणी भरभर तर भरभर, पाणी रेंगाळलं तर रेंगाळत. पण तिला दोर बांधला आहे, आणि दोराचं पोट मधल्या वेगाच्या पाण्यात पडलं आहे. ते पोट पुढे पळतं, माशीला ओढतं. तिच्यामागे पाण्यावर एक बारीक रेघ उमटते.

खालून बघणाऱ्याला तेवढी रेघ पुरते. पाण्यावर स्वतःच्या मर्जीने आडवं चालणारं काही खरं नसतं, हे त्याला ठाऊक आहे.

त्याने बघितलंही नाही.

गाईड तुमच्या मनगटाला हात लावतो. काठीचं टोक उचलून, दोराचं पोट अलगद वरच्या बाजूला टाकून देतो. माशी मोकळी होते. हातभर, दोन हात, ती एकटी असल्यासारखी वाहते.

ते दोन हात बघा.

पुन्हा टाका. पोट वर सारा. सोडा.

पुन्हा.

मासा वर येतो. सावकाश, अगदी माशीच्या खाली, तिच्याबरोबर मागे मागे वाहत. नाक तिच्यापासून बोटभर. तो बघतो आहे. तुमचा श्वास थांबला आहे. थांबवू नका, चालू द्या.

तो खाली जातो. जागेवर. तोंड वरच्या बाजूला.

‘अभी नहीं,’ गाईड म्हणतो, आणि चेहऱ्यावर नाराजी नाही. उलट जरा खूश दिसतो. काठी बाजूला ठेवायला सांगतो. या पाण्याला आता विसावा द्यायचा.

बसा.

काठावर त्याने सकाळी एक पांढरा खडा ठेवला होता, पाण्याच्या अगदी कडेला. आता तो भिजला आहे. वरच्या उतारांवर ऊन पोचलं, बर्फ सुटलं, आणि ते पाणी इतक्यात इथवर आलं. बोटभर चढलं आहे.

खड्याच्या कडेने पाणी वर येताना दिसत नाही. पण बघत राहा. एका लाटेत तो अर्धा जातो, पुढच्या लाटेत पुन्हा दिसतो.

आवाजही बदलला आहे. ऐका. डावीकडची खळखळ मवाळ झाली आहे, धोंड्याचा घुमार वाढला आहे.

आणि पाण्यावर काहीतरी आहे.

एक. करड्या पंखांची, पंख सरळ उभे. तरंगत येते आहे. तिच्या मागे दुसरी. तिसरी उडाली, वेडीवाकडी, वर वर, जर्दाळूकडे. आज त्यांचा दिवस आहे. वर्षभर दगडाखाली काढून त्या याच वेळी वर येत आहेत.

सांध्याच्या रेघेवर एक वर्तुळ उमटतं. पाण्याला नुसतं कुणी टेकून गेल्यासारखं. माशी होती, आता नाही.

पुन्हा वर्तुळ.

तो खातो आहे.

काठी उचला. सावकाश. मागे. थांबा. पुढे. माशी त्यांच्यात उतरते. कुठली आपली, कुठली नदीची, हे आता तुम्हालाही ओळखू येत नाही. दोराचं पोट वर सारा. वाहू द्या.

वाहू द्या.

वर्तुळ.

काठी उचलता, आणि ती जिवंत होते.

या क्षणाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. दोर पाणी कापत जातो, रीळ किरकिरते, मासा खाली जातो, मग वर, मग धोंड्याकडे. तुमच्या हातात त्याचं डोकं हलवणं येतं. ओढाताण करू नका, लांबवूही नका. त्याला दमवून सोडलं तर तो सुटूनही वाचत नाही.

गाईड पाण्यात उतरला आहे. जाळी पाण्यातच धरली आहे. मासा तिच्यात आला, तरी पाण्यातच आहे.

हात ओले करा. कोरडा हात लागला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच थर त्याला रोगापासून जपतो. ओल्या हाताने, पोटाखालून. दाबू नका.

आता बघा. जवळून, एकदाच.

पाठ ऑलिव्हच्या तेलासारखी हिरवट तपकिरी. खाली येताना पिवळी होत जाते, पोटाशी लोण्याच्या रंगाची. अंगावर काळे ठिपके, आणि त्यांच्यामधून थोडे लाल. लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं आहे. डोळा सोनेरी, आतली बाहुली पुढच्या बाजूला किंचित टोकदार. तो डोळा तुमच्याकडे बघतो आहे की नाही, सांगता येत नाही.

गळ ओठाच्या कोपऱ्यात आहे. काटा चेपलेला, म्हणून एका झटक्यात निघतो. रक्त नाही.

फोटो? पाण्याबाहेर काढून नको. तुमचा श्वास तुम्ही जितका वेळ रोखू शकाल, त्याहून जास्त वेळ त्याला बाहेर धरायचं नाही. खरं म्हणजे तितकाही नाही.

तोंड धारेकडे करा. हात नुसते आधाराला. पाणी त्याच्या तोंडातून जाऊ द्या.

झापड उघडते. मिटते.

उघडते.

तुम्ही वाट बघता आहात, आणि तुमच्या बोटांना थंडीने बधिरपणा आला आहे. थांबा अजून. शेपटीत जोर येतो आहे. तळहाताच्या मधोमध एक ताकद हळूहळू परत येते आहे, ती नीट जाणवून घ्या.

जाते.

कुठे गेला ते दिसलं नाही. धोंड्यामागे पाणी उभं आहे, रेघ आहे. सावली अजून परतलेली नाही.

माशा येतच आहेत. पण पाण्याला आता दुधट छटा आली आहे, आणि पांढरा खडा पुरता बुडाला आहे. तळ धूसर झाला. ‘बस,’ गाईड म्हणतो, ‘आज का हो गया.’ दोर गुंडाळतो, काठीचे चार तुकडे पुन्हा सुटे होतात. माशी तो टोपीला खोचतो, वाळायला.

बूट काढा. पाय पुसा, मोजे बदला. बोटांत जीव येईल तेव्हा झिणझिण्या येतील, येऊ द्या.

वर रस्त्यावर एक टपरी आहे. राजमा-चावल मिळतो, चहा मिळतो. टपरीवाला तुमचे ओले पायचे बघून हमखास विचारणार, मासा केवढा होता. हाताने दाखवा. थोडं वाढवून दाखवलंत तरी चालेल; इथे सगळे तसंच दाखवतात, आणि तो मनातल्या मनात वजा करून घेतो.